अडवलेल्या धावा

खापरला मुलांच्या क्रिकेटच्या गप्पांत कुणीतरी विचारतंच, "चाचा, आपल्या मराठी मुसलमानांत भारताकडून कोण खेळलं?"

मी गुलाम पारकर यांचं नाव सांगतो. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, मुंबईचे सलामीवीर. जून १९८२ मध्ये लॉर्ड्सवर त्यांना एकमेव कसोटी मिळाली. धावा ६ आणि १. हे ऐकून मुलं हिरमुसतात.

मग मी सांगतो, कव्हरला त्यांच्यासारखा चपळ क्षेत्ररक्षक त्या काळी विरळा. काढलेल्या धावा धावफलकावर चढतात, अडवलेल्यांना रकानाच नसतो. माझ्या आईवडिलांचंही तसंच. त्यांनी किती कमावलं ते मोजता येतं, किती निभावून नेलं ते नाही. सात धावांवरूनच माणूस जोखायचा, तर आपल्यातले बरेच जण शून्यावर बाद ठरतील.