उभ्या माणसाचे पाय

कागदावर माणूस उभा करण्याचा उद्योग जे करतात त्यांना हे ठाऊक असते की, चेहरा साधला म्हणून आकृती साधत नाही, आणि छातीचा पिंजरा नि कटीचा कल नेमका धरला तरीही ती साधेलच अशी हमी देता येत नाही. सगळे अवयव प्रमाणात बसवून, छायाप्रकाशाची विभागणी मनासारखी करून, बोर्ड भिंतीला टेकवून चार पावले मागे सरून पाहावे, तर माणूस आपला जमिनीच्या चार बोटे वर अधांतरी राहिलेलाच असतो. हा अनुभव चित्रकलेच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. माझ्या वाट्याला तो इतक्या वेळा आला की, अलीकडे मला मनुष्याकृतीत पायांखेरीज दुसरे काही दिसेनासे झाले आहे.

पायांची आबाळ आमच्या वर्गात वहिवाटीनेच चालत आलेली आहे. डोक्यापासून आरंभ करायचा, निम्मी मुदत चेहऱ्यावर खर्ची घालायची, मग खांदे, हात, वस्त्राच्या चुण्या, आणि मॉडेल अखेरच्या बैठकीत चुळबुळ करू लागला की गुडघ्याखालचा सारा प्रदेश दोन-चार तिरक्या फटकाऱ्यांत उरकून टाकायचा, असा हा कारभार असतो. कित्येकदा कागद पोटरीपाशीच संपतो, आणि तो संपला याचे मनातल्या मनात बरेही वाटते. ज्यांचा हात अधिक चलाख आहे ते घोट्यापाशी कोळशावरून बोट फिरवून एक धूसर ढग निर्माण करतात आणि त्यास सूचकता असे भारदस्त नाव देतात. सूचकता ही मोठी गोष्ट आहे; परंतु जे आपल्याला काढता येते तेवढेच सुचवण्याचा अधिकार आपल्याला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते वर्गात बोलून दाखवल्यामुळे माझ्यावर काहींची खप्पा मर्जीही झालेली आहे.

विश्रांतीनंतर मॉडेलने पूर्वीच्याच जागी उभे राहावे म्हणून स्टँडवर त्याच्या पावलांभोवती खडूची रेघ ओढून ठेवतात. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्या रेघांकडे सहज लक्ष गेले, तो एका पावलाची रेघ जशीच्या तशी शाबूत होती आणि दुसऱ्या पावलाची जागोजाग पुसली गेली होती. त्या दिवशी उभे राहिलेल्या वृद्ध गृहस्थांनी सारा भार उजव्या पायावर घेतला होता, आणि मोकळा डावा पाय कळ लागेल तसा किंचित सरकत, वळत, पुन्हा जागेवर येत राहिला होता. एका पायाने दिवसभर माणूस पेलला होता आणि दुसऱ्याने नुसती सोबत केली होती. इतका ढळढळीत पुरावा डोळ्यांसमोर असता भिंतीशी रांगेने लावलेल्या आमच्या सगळ्यांच्या चित्रांत मात्र दोन्ही पावले सारखीच टेकलेली होती.

ओळंब्याचा नियम सर्वांना पाठ असतो, त्याची उजळणी येथे नको. ओळंबा आकृती पडणार नाही एवढाच जामीन राहतो. ती किती जड आहे हे तो सांगत नाही. ते सांगतो तळवा: भार आला की टाचेचे मांस कडेने किंचित पसरते, पायाची कमान खाली बसते, बोटे एकमेकांपासून सुटतात आणि अंगठा जमिनीचा ताबा घेतो. हे सगळे फरक कागदावर रेघेच्या जाडीइतकेच असतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकाने टाचेच्या हाडाचे नाव कळते, आकारही कळतो, परंतु तेच हाड रिकामे असताना कसे दिसते आणि भरलेले असताना कसे, हे पाहण्यासाठी ज्याच्यावर भार आहे असा माणूसच समोर लागतो; आणि वर्गातला मॉडेल स्वतःच्या देहापलीकडे कसलाही भार वाहत नसतो.

भार वाहणारी माणसे मला माझ्याच गावात मिळाली. तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती वारणानगर वसले. गळीत हंगाम सुरू झाला की बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन इकडे येतात, रानाच्या कडेला कोप्या बांधतात आणि पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉलीची नोंद होते, कागद फाडून हातात मिळतो, आणि उसाचा हिशेब तेथे पुरा होतो. परंतु ट्रॉली भरेपर्यंत तो ऊस मोळीमोळीने माणसांच्या डोक्यांवरून गेलेला असतो, आणि माझा अभ्यास त्या वाटेवरचा आहे. कोल्हापूरचा वर्ग नसेल त्या दिवशी मी वही घेऊन आमच्या घरामागच्या फडाच्या बांधावर बसू लागले.

नवरा मोळी उचलून बाईच्या डोक्यावर देतो. चुंबळीवर मोळी बसते त्या क्षणी तिच्या मानेत काहीच घडत नाही, हे पाहून मी प्रथम चकित झाले. मान ताठच, नजर समोर, साडीवर चढवलेल्या पुरुषी सदऱ्याच्या बाह्यांतून वर गेलेला एक हात मोळीला नुसता लागलेला. जे काही घडायचे ते सगळे कमरेखाली घडते. ट्रॉलीला लावलेल्या फळीपाशी ती येते आणि उजवे पाऊल फळीवर ठेवते, पण भार अद्याप मागेच असतो. अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटतो, चिकटलेले पाचट बाजूला सारतो, लाकूड चाचपतो. मग कटी पुढे सरकते, उजवा गुडघा ताठ होतो, आणि डावी टाच जमिनीवरून उचलली जाते. ती उचलली जाण्यापूर्वीचा जो अर्धा क्षण आहे, ज्यात डावी टाच पुरती टेकलेली असते पण तिच्यात भार म्हणून काही उरलेला नसतो, तो अर्धा क्षण मला काढायचा आहे. टेकलेली आणि तरीही रिकामी टाच! रेघ जरा दाबून ओढली की टाच जड होते आणि बाई फळीखालीच खिळून राहते. रेघ हलकी ओढली की टाच उचलली गेलेली वाटते आणि बाई आधीच वर पोहोचते. या दोहोंच्या मधली रेघ असली पाहिजे, कारण ती टाच मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. भेगांत माती बसलेली, जोडव्यांच्या पावलाची ती टाच मला पेन्सिल हातात नसतानाही दिसत राहते.

‘‘काय गं पोरी, तोंड सोडून पायच काढायलीस?’’ एका बाईने मोळी टाकून परतताना माझ्या वहीत डोकावून विचारले.

‘‘मावशी, तेच जमत नाहीत मला.’’

‘‘मग बस की निवांत. पाय काय पळून चाललेत?’’ असे म्हणून त्या पुढच्या मोळीकडे गेल्या.

त्या मावशींचे एक रेखाटन आमच्या वार्षिक प्रदर्शनात लागले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यातल्या चेहऱ्याची तारीफ केली. चेहरा मी अखेरीस, जवळजवळ स्मरणाने पुरा केला होता. ज्या पायांसाठी तो कागद घेतला त्यांकडे कोणाचीच नजर गेली नाही. असे असूनही ती स्तुती मला गोड लागली आणि अद्यापही लागते. एस. टी.त वही उघडली तर ती याच पानावर उघडते, शेजारच्या प्रवाशाची दृष्टी पडावी अशा बेताने मी ती धरते, आणि त्याने ‘‘तुम्ही काढलंय?’’ असे विचारावे म्हणून खिडकीबाहेर पाहत राहते. आपल्याला इतरांपेक्षा खोल काही दिसते, हा अभिमान तर स्तुतीच्या लोभाहूनही हट्टी आहे. तो गेल्यास माझे काम सुधारेल की थांबेल याविषयी माझ्या मनाची खात्री होत नाही, म्हणून मी त्याला हाकलून देत नाही.

तात्यासाहेबांच्या स्मरणार्थ वारणानगरला डिसेंबरात कुस्त्यांचे मैदान भरते, तेव्हा पाय पाहण्याचा आणखी एक योग येतो. हात मिळवून दोघे पवित्र्यात उभे राहतात तेव्हा टाचा हलक्या असतात आणि सारा जीव चवड्यांत असतो. परंतु मैदानात मी बसते तेथून पावले तांबड्या मातीत बुडालेली दिसतात, आणि तालमीचा उंबरा ओलांडण्याची वहिवाट बायकांना नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना गंगावेस आणि मोतीबाग या तालमींची दारे उघडी आहेत. ती मुले तेथे जात नाहीत याचे मला मनस्वी वाईट वाटते, आणि थोडा रागही येतो.

ही मुले काय करतात, तर भ्रमणध्वनीवरचे छायाचित्र चौकोन आखून कागदावर उतरवतात, कापसाने छटा गुळगुळीत करतात, आणि केसान् केस मोजून घ्यावा असा चेहरा सिद्ध करतात. त्यांची चिकाटी मी नाकारत नाही. टाचेतला भार छायाचित्रात उतरत नाही असेही माझे म्हणणे नाही. उतरतो, पण तो ओळखण्यासाठी पाहणाऱ्याने आधी जित्या माणसाचे पाय पुष्कळ पाहिलेले असावे लागतात, आणि नेमका तोच खटाटोप टाळण्यासाठी छायाचित्र हाती घेतलेले असते. ज्या कोल्हापुरात आबालाल रहिमान हे रंकाळ्यावर नि कोटितीर्थावर निसर्गासमोर बसून रंगवीत राहिले, जेथे बाबूराव पेंटर यांच्यासारखा पुरुष कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता नाटकांचे पडदे रंगवता रंगवता आकृतीवर हुकमत मिळवून पुढे चित्रपटांपर्यंत गेला, तेथे समोर बसून पाहण्याचा कंटाळा यावा ही अवनतीच आहे, आणि तिला दुसरे सौम्य नाव देण्याची माझी तयारी नाही.

महादेव विश्वनाथ धुरंधर हे 1867 साली कोल्हापुरातच जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तेथेच त्यांनी उभे आयुष्य अध्यापनात घालवले. ऑटो रॉथफेल्ड यांच्या 1920 सालच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथासाठी त्यांनी जातीजातींच्या, प्रांतोप्रांतीच्या स्त्रिया रंगवल्या. पुस्तकाचा हेतू त्या काळच्या गोऱ्या जिज्ञासेचा होता, आणि वेषभूषेचे नमुने मांडून दाखवण्याची ती रीत मला रुचत नाही. परंतु धुरंधरांच्या स्त्रिया उभ्या आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. धुरंधर पाय चुकवीत नसत. त्यांच्या उमेदीच्या काळात, 1919 नंतर, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत जे. जे.त नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला होता असे मी प्रथम समजत असे. वस्तुतः त्या वेळी धुरंधर पन्नाशी ओलांडलेले होते, म्हणजे त्यांची आकृतीवरची पकड त्या वर्गाच्या आधीचीच ठरते. पुढे म. रा. आचरेकर यांनी 1958 साली ‘रूपदर्शिनी’त जिवंत मॉडेलवरून केलेली रेखाटने आणि प्राचीन शिल्पांतील मानवाकृती शेजारीशेजारी ठेवल्या. त्या पुस्तकातून मी शिकले ते असे की, आपले शिल्पकार देहाचा भार स्नायूंच्या गाठींनी दाखवीत नव्हते, तो अखंड रेघेच्या वळणात मुरवीत होते. माझ्या मावशींच्या पोटरीवर स्नायूंच्या गाठी शोधण्याचा नाद त्यानंतर सुटला. टाच मात्र तेथेही मला सापडली नाही, कारण दगडातील यक्षी आपला भार पेलत नसते, मिरवत असते.

या हंगामात आमच्या घरामागचा फड यंत्राने तोडला. एक अवाढव्य यंत्र सरीतून आले, ऊस बुडातून कापून, त्याचे तुकडे करून शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत ओतत गेले, आणि जे काम टोळीला कितीतरी दिवस पुरले असते ते पाहता पाहता उरकले. बांधावर वही मांडून बसलेल्या मला काढण्याजोगे काही उरले नाही. त्या मावशी यंदा कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत, त्यांना उचल मिळाली की नाही, हे मुकादमाकडे विचारूनही कळले नाही. डोक्यावरच्या मोळ्या जाव्यात, हेच न्यायाचे आहे. त्या ओझ्याखाली कमरेची काय अवस्था होते हे मी इतक्या जवळून पाहिले आहे की, माझ्या अभ्यासासाठी ते राहावे असा विचारसुद्धा मी मनात येऊ देणार नाही. मात्र मोळीबरोबर मजुरीही जाते आणि तिच्या जागी काय येणार याची तजवीज झालेली दिसत नाही, ही चिंता माझ्या चित्राहून कितीतरी मोठी आहे. तिच्यापुढे माझी टाच ही फार लहान बाब आहे. तरीही माझ्या हातात आहे ती टाचच.

म्हणून मी आमच्या सरांकडे अर्ज केला की, मॉडेलच्या हाती किंवा डोक्यावर काही वजन देऊन पाच-पाच मिनिटांच्या बैठका घ्याव्यात. सरांनी विचारले, ‘‘तुम्ही स्वतः उभ्या राहिला आहात का कधी?’’ तेव्हा पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन मीच स्टँडवर चढले आणि पुढे लाकडी पाट ठेवून त्यावर एक पाऊल टाकून थांबले. मानेला ताण पडेल अशी माझी समजूत होती. ताण पडला तो मागच्या पायाच्या पोटरीत. भार पुढे गेला की टाच रिकामी होते खरी, पण पोटरी तेवढ्यापुरती टाचेला खाली धरून ठेवते, जमिनीत दाबत नाही आणि सोडतही नाही. म्हणजे जी रेघ मी इतके दिवस टाचेत शोधत होते ती वर, पोटरीच्या मागच्या शिरेत असण्याचा संभव आहे. वर्गातल्या सगळ्यांनी त्या दिवशी मला काढले, आणि सवयीप्रमाणे बहुतेकांचे कागद गुडघ्यापाशी संपले. आता सरांनी पुढच्या महिन्यापासून अशा बैठका मान्य केल्या आहेत, घागर अर्धीच भरायची आणि मॉडेलला जादा मेहनताना द्यायचा या अटीवर. मी पोटरीपासून खाली येत रेघ ओढून पाहते आहे. घोट्यापर्यंत ती नीट येते, आणि टाचेशी वळताना अजूनही जड होते.