जमिनीवरचा सजदा

"वेळ मिळाला की चालायला जायचंय." शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेनंतर, लग्नाच्या दावतीत, जिथे चाळिशीच्या चार बायका जमतात तिथे हे वाक्य येतेच. म्हणणारी खोटे बोलत नसते. सकाळी डबे, मग शाळा, घरी आल्यावर वह्या, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे, अचानक आलेले पाहुणे आणि रात्रीची भांडी. यात रिकामा अर्धा तास सापडणार कुठे? चुकून सापडलाच, तर वाळलेले कपडे घड्या घालायची वाट पाहत असतात. माझेही घर असेच आहे. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत आणि दोघांच्या मध्ये मी. त्यामुळे "मनात आणलं की वेळ मिळतो" असला उपदेश मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच की वेळ मिळण्याची वाट पाहणे आता सोडून द्यावे. आणि ही गोष्ट आपल्याला तरी सहज कळायला हवी.

कारण "वेळ मिळाला तर असर पढीन" असे आपल्यात कोणी म्हणत नाही. असरची वेळ ठरलेली असते आणि बाकीची कामे तिच्या अलीकडे-पलीकडे बसवली जातात. गॅस बारीक करून आपण उठतो. पाहुण्यांना "बसा, नमाज पढून येते" म्हणतो आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. घरातल्या सर्वांत लहान मुलालाही माहीत असते की अम्मी जानमाजवर आहे तोवर तिला पाणी मागायचे नाही. ही दहा मिनिटे कोणी आपल्याला भेट दिलेली नाहीत. ती घराने मान्य केलेली आहेत. शरीरासाठीच्या वेळेला मात्र अशी मान्यता नसते. चालायला निघालेल्या बाईला दारात तीन जण तीन कामे सांगतात आणि तिलाही नाही म्हणता येत नाही.

हे सगळे मला एवढे महत्त्वाचे का वाटते, याचे उत्तर खुर्चीत आहे. आपल्या घरांत बायकांची नमाज पाहा. पन्नाशी-पंचावन्नच्या कितीतरी बायका खुर्चीवर बसून नमाज पढताना दिसतील. शरीयतने ती सवलत दिलेली आहे, आजारी माणसाला ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. पण माझ्या अम्मीच्या घरी प्लॅस्टिकची खुर्ची जानमाजशेजारी आली, तो दिवस मला आठवतो. गुडघे दोन वर्षे दुखत होते, साखर त्याआधीपासून होती. अम्मीने आयुष्यभर कष्ट केले. पाण्याच्या घागरी वाहिल्या, भाकरी थापल्या, आम्हा चौघांना वाढवले. तिला कोणी आळशी म्हणणार नाही. तरी साठी गाठायच्या आत जमिनीवर बसणे सुटले. खुर्चीवर पहिली नमाज झाल्यावर ती म्हणाली, "माथा जमीन कू नहीं लगा तो दिल नहीं भरता." त्या दिवसापासून माझ्या मनात व्यायामाचा अर्थ बदलला. वजन किती उतरले, कमर किती इंच झाली, हे प्रश्न मागे पडले. साठाव्या-सत्तराव्या वर्षी, अल्लाहने आयुष्य दिले तर, जमिनीवर सजदा करता यावा आणि कोणाच्या आधाराशिवाय उठता यावे, एवढीच माझी मागणी आहे.

इथे काही जण म्हणतील, नमाज हाच मोठा व्यायाम आहे, वेगळे चालायची गरज काय? पाच वेळच्या फर्ज रकाती 17 होतात, म्हणजे दिवसाला 34 सजदे. सुन्नत धरल्या तर आणखी. एवढे वाकणे, बसणे, उठणे सांध्यांना नक्कीच उपयोगी आहे. पण नमाज इबादत आहे, ती शांतपणे, ठहरून पढायची असते. तिने दम लागत नाही आणि लागूही नये. हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला जी हालचाल लागते, ती भरभर चालण्याने मिळते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या फेरीचाही उपयोग होतो. आणि गुडघ्याचा भार बराचसा मांडीच्या पुढच्या स्नायूंवर असतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडेही झपाट्याने विरळ होतात. मांडी अशक्त झाली की भार सांध्यावर येतो. घरकामात आपण तासन्‌तास ओट्याशी उभ्या असतो. त्याने पाय दुखतात, पण मांडीला बळ येतेच असे नाही. थकणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अम्मीच्या गुडघ्यांकडे पाहून मला समजले.

आता मनातल्या टोचणीबद्दल. मुलाची दहावी आहे आणि मी बूट घालून बाहेर पडते, याचे वाईट वाटत नाही का? अशा वेळी मला सलमान फारसी आणि अबू दरदा यांचा प्रसंग आठवतो. सहीह बुखारीत तो आला आहे. प्रेषितांनी (सल्ल.) या दोघांना एकमेकांचे भाऊ केले होते. सलमान त्यांच्या घरी गेले तेव्हा अबू दरदांच्या पत्नी त्यांना अगदी साध्या, दुर्लक्षित अवस्थेत दिसल्या. विचारले तर कळले, पती दिवसा रोजा आणि रात्रभर इबादत यात गुंतलेले. सलमान यांनी त्यांना आग्रहाने जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि सांगितले की तुझ्यावर रबचा हक आहे, तसा तुझ्या स्वतःचाही आहे आणि घरच्यांचाही आहे. प्रेषितांपर्यंत गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट जाणवते. नफिल इबादतीलाही शरीराचा हक गिळायची परवानगी मिळाली नाही. मग ती परवानगी चपात्यांना आणि घड्या घालायच्या कपड्यांना कोणी दिली?

पण बाईने हे समजून घेतले तरी चपात्या आपोआप होत नाहीत. खरी गाठ इथे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता. जे पुरुष असे काम करत होते त्यांचा 97 मिनिटे. आणि असे काम करणारे पुरुष शंभरात 26 च होते, बायका 81. हा सगळ्या भारताचा आकडा आहे, कोणा एका समाजाचा नाही. या 299 मिनिटांतली 30 मिनिटे दुसऱ्या कोणी उचलल्याशिवाय बाईचे चालणे सुरू होत नाही, आणि झाले तरी टिकत नाही. पहाटे आणखी अर्धा तास लवकर उठ, हा सल्ला म्हणजे तिच्या झोपेतून वेळ कापणे आहे. तिला आधीच झोप कमी.

आमच्या घरी आम्ही जेवताना बसून हे बोललो. भांडण नाही, तक्रार नाही. दहावीच्या अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावले होते, त्याच्याच शेजारी घरकामाचा कागद लावला. सकाळी दोन्ही डबे यांनी भरायचे, भाजी आणि चपात्या मी करून ठेवते. पाण्याच्या बाटल्या आणि अंथरुणे मुलांची. मुलगा आणि मुलगी दोघांचीही, हे मुद्दाम सांगते. सुरुवातीला डब्यात भाजी सांडायची, झाकणे अदलाबदल व्हायची. सासूबाईंना आपल्या मुलाने ओट्याशी उभे राहणे जड गेले. त्यांना मी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली तीच जुनी गोष्ट सांगितली. प्रेषित घरात काय करत, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले होते की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण आठवड्याभराने शेजारणीने माझी चौकशी केली तेव्हा त्यांचा आवाज मला जिन्यातून ऐकू आला, "बहू चलने कू गई, आती अब्बी."

वेळ कशी बांधायची, याबद्दल माझा अनुभव असा की घड्याळापेक्षा नमाजला बांधलेली बरी. आमच्या सोलापुरात मे महिन्यात सहाच्या आधीच ऊन पडते आणि जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. घड्याळाची वेळ ऋतूप्रमाणे बिघडते, पण फजरनंतर जानमाज उचलली की बूट घालायचे, हा क्रम बिघडत नाही. ज्या दिवसांत आपल्याला नमाज माफ असते त्या दिवसांतही अजान होतच असते, तेव्हा बरे वाटत असेल तर तीच खूण धरायची. रमजानमध्ये हीच फेरी इफ्तारनंतर, जमेल तेवढी.

किती करायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सांगितले आहेत. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे सलग हवीत अशी अट होती. ती आता काढली आहे. आपल्यासारख्यांसाठी ही मोठी सोय आहे. तुकडे चालतात. मुलीची ट्यूशन तासाभराची असते. बाहेर पंधरा-वीस आया स्कूटीवर बसून मोबाईल पाहत असतात. त्यातल्या आम्ही चौघी आता तो तास त्याच गल्लीत फेऱ्या मारतो. बोलणे तेवढेच होते, पायही हलतात. बळासाठी मी खुर्चीच वापरते. हाताचा आधार न घेता तिच्यावरून दहा वेळा उठायचे आणि सावकाश बसायचे, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. वह्या तपासताना मध्येच होते. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, छातीत दुखते किंवा गुडघा सुजलेला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आणि खाडा? तो पडणारच. मूल तापाने फणफणते, निवडणुकीची ड्युटी लागते, घरात मयत होते. एक नमाज सुटली म्हणून कोणी नमाज सोडून देत नाही, कजा पढून पुढच्या वेळेला हजर होतो. चालण्याचेही तसेच ठेवले आहे.

लोक बोलतात, हेही खरे. बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज घातलेली बाई गल्लीतून निघाली की दोन-चार माना वळतात. "या वयात कशाला हे," असेही कानावर येते. ज्यांच्या मोहल्ल्यात हे फार जड जाते त्यांना गच्ची आहे, घरातला बोळ आहे, बरोबर यायला तयार असलेली शेजारीण आहे. पण मनाला उभारी हवी असेल तर अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस आठवावी. प्रवासात प्रेषितांनी आणि हजरत आयशांनी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या. पुढे त्यांचे वजन वाढल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागच्या हारेची फेड झाली असे म्हणाले. बाईचे धावणे, वजन वाढणे, नवऱ्याबरोबरची गंमत, सगळे त्यात किती सहजपणे आले आहे.

मुलांचे म्हणाल, तर त्यांचे काहीच अडले नाही. अम्मी अर्धा तास घरात नसते तेव्हा बाटल्या कुठे असतात हे त्यांना सापडते. माझी मुलगी अजून लहान आहे. उद्या तिचे घर होईल, नोकरी असेल, मुले असतील. तेव्हा स्वतःसाठी वेळ मागताना तिचा आवाज अडखळू नये असे मला वाटते. तिने तिच्या आईला तो मागताना पाहिले आहे आणि वडिलांना डबे भरताना पाहिले आहे. मुलानेही पाहिले आहे. त्याचा उपयोग पुढे येणाऱ्या त्याच्या बायकोला होईल, इन्शाअल्लाह.