तीन फुटांचा शेजार

आमच्या पुढच्या खोलीतली माशांची तीन फुटी टाकी बाबांनी मिलच्या नोकरीत असताना बनवून घेतली होती. लोखंडी अँगलची चौकट आणि पुट्टीनं बसवलेल्या काचा. पुढे चौकट गंजली, सिलिकॉननं जोडलेली नवी टाकी आली, पण माप तेच राहिलं: तीन फूट लांब, दीड फूट उंच, पाणी सुमारे दीडशे लिटर. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या खोलीत याहून मोठी मावतही नाही. एवढ्या जागेत कोण कोणाशेजारी नांदेल, याचा विचार मी शाळकरी वयापासून करत आलो आहे.

बाबांचे एंजल होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा दिसतो शांत, पण तो सिक्लिड कुळातला, आणि या कुळाला जागेची मालकी फार प्यारी. जोडी जमली की ती एक रुंद पान निवडते, तोंडानं घासून स्वच्छ करते आणि मादी त्यावर ओळीनं अंडी लावत जाते. मग दोघंही पाळीपाळीनं कल्ल्यांजवळच्या परांनी वारा घालतात. बुरशीनं पांढरी पडलेली अंडी वेचून काढतात. तेवढे दिवस बाकीच्या एंजलांनी वरच्या कोपऱ्यात अंग चोरून राहायचं. म्हणून तीन फुटांत एकच जोडी ठेवावी, असं मी ठामपणे सांगतो. सोबतीला तळाशी कोरी मासे चालतात. टायगर बार्ब नकोत, ते एंजलचे लांब पर कुरतडतात. निऑन तर मोठ्या एंजलच्या तोंडात सहज मावतो. आणि दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर फूटभर वाढतो. त्याला इथं आणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

1978 मध्ये जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं. नळाचं पाणी रात्रभर भरून ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचा, मग टाकीत घालायचं, हे आमच्याकडे पिण्याच्या पाण्याइतक्याच काळजीनं होई. बोअरिंगचं पाणी मात्र माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं, बादलीला पांढरा थर चढवणारं. या जड पाण्यामुळेच मी मलावी सरोवराच्या माशांकडे वळलो. आफ्रिकेतल्या त्या सरोवराचं पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. तिथले पिवळेधमक यलो लॅब आमच्या बोअरिंगवर खुलले. एक नर, तीन-चार माद्या आणि काचेच्या वरच्या टोकापर्यंत रचलेले दगड, कारण भांडणात नजरेआड व्हायला कपार लागते. नवा मासा सोडताना मी आधी सगळी रचना मोडतो. जुन्यांच्या हद्दी पुसल्या की ते नव्यावर एकदम तुटून पडत नाहीत.

यलो लॅबची मादी अंडी तोंडात सांभाळते. हनुवटी फुगलेली, जबडा सतत हलता, आणि जवळजवळ तीन आठवडे अन्नाला तोंड नाही. समोरून दाणे बुडत जातात आणि ती दगडामागे स्थिर असते. अशा वेळी तिच्यावर दुसऱ्या आडदांड जातीचा नर सोडणं मला कधीच पटलं नाही.

आता टाकीत ऑरेंज क्रोमाइड आहेत. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच, त्यातला हा एक. दुसरा काळुंदर, जो गोव्यात ताटात येतो. या तिघांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करला सापडतात, हे वाचल्यापासून पश्चिम किनाऱ्याच्या खाडीतला हा तळहातापेक्षा लहान मासा मला फार मोठा वाटतो. जड पाणी त्याला मानवतं. इंदूरच्या थंडीत हीटर मात्र हवाच. पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टोचून खातात आणि दोघंही पर पसरून उभे राहतात. समुद्रालगतच्या पाण्यात याच जातीचे लहान मासे काळुंदरच्या अंगावरचे परजीवी वेचतात, आणि संधी मिळाली तर त्याची अंडीही खातात. शेजार कसा असतो याचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गल्लीतल्या एका मुलाला टाकी सुरू करायची आहे. त्याच्यासाठी मी माझ्या फिल्टरमध्ये एक जादा स्पंज घालून ठेवला आहे. महिनाभरात त्यात जिवाणू मुरतील, मग तो स्पंज आणि क्रोमाइडची सहा पिल्लं त्याच्याकडे जातील. ऑस्करचा हट्ट त्यानं अजून सोडलेला नाही. त्याच्या टाकीचं माप घ्यायला रविवारी टेप घेऊन जाणार आहे.