माळवदाची माती

मराठवाड्यात घर केवढे, हे चौरस फुटांत नाही, खणांत सांगायचे. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे एक खण. अर्धापुरातले आमचे वडिलोपार्जित घर बारा खणांचे आहे. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे आणि फळ्या, वर लिंबाचा पाला आणि सर्वांत वर पांढरी माती. भिंती दोन-अडीच फूट जाड, काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या. एका भिंतीत धान्याचे बळद. मे महिन्याच्या दुपारी ढाळजेत चटई टाकून पडले की पंख्याची आठवण होत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, नांदेडच्या उन्हाळ्यात ज्यांनी स्लॅबखाली दुपार काढली आहे त्यांना ते कळेल.

अम्मी-अब्बा दोघेही आता नाहीत. शरीअतप्रमाणे घराचे पाच हिस्से होतात: दोघा भावांचे दोन-दोन आणि माझा एक. भावांना घर पाडायचे आहे. लाकडाचा व्यापारी येऊन खांब मोजून गेला, दारांच्या कोरीव चौकटींवर हात फिरवून गेला. माझी सही तेवढी बाकी आहे. मला माझ्या हिश्श्याचे पैसे नकोत असे नाही. पण भाऊ जे कारण सांगतात ते मला तपासून पाहावेसे वाटते. धाकटा म्हणतो, "आपा, किल्लारीचं काय झालं ते विसरलीस का?"

कशी विसरेन? 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. अर्धापूर किल्लारीपासून बरेच लांब, तरी आम्ही जागे झालो ते अंगावर पडणाऱ्या मातीने. फजरची अजान झाली तेव्हा सारी गल्ली रस्त्यावर होती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. मोहल्ल्यातून भाकरी आणि चादरी घेऊन जीप निघाली, तिच्यात अब्बाही होते. चार दिवसांनी परतले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "लकडी नै मारती बेटी, मट्टी मारती."

पुढे इंजिनिअरांनीही काहीसे असेच सांगितले. अनेक घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. आमच्याकडची जाड भिंत दिसते एकसंध, पण असतात तिचे दोन पदर, आत दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड नसेल, तर पावसाचे पाणी मुरते, भिंतीला पोट सुटते आणि हादरा बसला की ती ढासळते. वरून माळवदाचे ओझे. दरवर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला आपण नवी माती टाकतो, जुनी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण साडेचार टन! आमच्या घरावर ती दोन फुटांच्या वर आहे, कारण आजोबांपासून सगळ्यांनी ती फक्त वाढवलीच.

काश्मीरमध्ये धज्जी-दीवारी नावाची जुनी पद्धत आहे: लाकडाच्या लहान-लहान चौकटी आणि त्यांत दगड-विटांची भर. 8 ऑक्टोबर 2005 च्या भूकंपात नियंत्रण रेषेच्या पलीकडे सिमेंटच्या कित्येक इमारती पत्त्यांसारख्या पडल्या, ही घरे मात्र पुष्कळ ठिकाणी तगली. नंतर तिथल्या लोकांनी हजारो घरे त्याच पद्धतीने बांधली. तेव्हा लाकूड म्हणजे धोका आणि स्लॅब म्हणजे सलामती, हा हिशेब मला पटत नाही. वाईट बांधलेला स्लॅबही पडतोच की.

उपाय फार महागडेही नाहीत. माळवदाची जादा माती उतरवायची, वितीएवढी ठेवून खाली प्लास्टिकचा कागद घालायचा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकून सांधा पक्का करायचा. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. पोट सुटलेली भिंत उतरवून पुन्हा रचायची. वाळवी मात्र पाहिली पाहिजे. खांबाचा भिंतीत गाडलेला भाग दिसत नाही आणि तिथे लाकूड पोकळ झाले असेल, तर माझा सारा युक्तिवाद फुकट. तसे निघाले तर मी त्याच दिवशी सही करीन, हे भावांना सांगितले आहे.

थोरल्याने ऐकून घेतले. धाकटा म्हणाला, "तू सासरी राहतेस, गळतं आमच्या डोक्यावर." तेही खरे आहे. पातेली-परातींनी भरलेली ओसरी मी दोन दिवस पाहते, वहिनी चार महिने पाहतात. म्हणून माती उतरवायचा खर्च माझ्या हिश्श्यातून वळता करा, असे मी म्हटले. त्यावर कुणी काही बोलले नाही, पण व्यापाऱ्याला दिवाळीनंतर या, असे कळवले गेले.

पाऊस उघडला की कंधारकडचा एक म्हातारा मिस्त्री येणार आहे. आधी बळदाच्या बाजूची भिंत उघडून तो खांबाचा पाय पाहील, मग माळवदावर चढेल. निघालेली माती थोरला केळीच्या बागेत टाकणार आहे, बैलगाड्या किती लागतील याचा अंदाज तो आत्तापासूनच काढतो आहे.