सातव्या ओळीतली नखं

माझे रायटर गेल्या श्रावणात गेले. पोलीस ठाण्यात मी तोंडी सांगायचो, ते पंचनामा गुजरातीत उतरवायचे. निवृत्तीनंतर मी मराठीत रहस्यकथा लिहू लागलो, तेव्हाही सुरतेत पांडेसऱ्यातल्या माझ्या गच्चीवर पहिला श्रोता तेच. वाक्य ऐकून अहिराणीत एवढंच विचारायचे, "साहेब, हाई कोनी देखं?"

ते गेल्यापासून एकाच परिच्छेदावर अडलोय. कामगारांची खोली. रातपाळीचे निघाले की त्याच गाद्यांवर दिवसपाळीचे आडवे होतात. मेलेला माणूस लूमच्या खात्यावरचा, आणि नखांत निळा रंग. कोरं कापड विणणाऱ्याच्या नखांत रंगाईच्या मिलमधला रंग कुठून? सगळी कादंबरी या नखांवर उभी. ती पहिल्या ओळीत आली की वाचक तिथेच पकडतो. उशिरा आणली तर मी त्याला फसवलं. पंचनाम्यात हा पेच नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत दिसेल ते सांगायचं, लपवणं हाच गुन्हा. अकरा खर्डे झाले.

हल्लीच्या कथांत टॉवर लोकेशन तपास करतं आणि शेवटी आरोपी इन्स्पेक्टरपुढे घडाघडा बोलतो. मला ते वाचवत नाही. पोलिसापुढची कबुली 1872च्या पुरावा कायद्यात कलम 25नं बाद होती, 1 जुलै 2024पासून नव्या कायद्यात कलम 23नं बाद आहे. तिच्यामुळे जी वस्तू हाती लागते, तेवढ्यापुरतंच बोलणं कोर्टात टिकतं. म्हणून मी वस्तूंवर लिहितो, आणि त्याचा मला ताठा होता. कलकत्ता पोलिसातले प्रियनाथ मुखोपाध्याय 1892पासून 'दारोगार दप्तर'मध्ये गुन्ह्यांच्या कथा छापत. मनातल्या मनात मी त्यांच्याशेजारी बसायचो.

परवा जुनी हस्तलिखितं काढली. जिथं वाक्य खरं वाटतं, तिथं समासात रायटरची पेन्सिल आहे. पंचनाम्यांची तारीफही मी अशीच एकट्यानं घेतली होती. एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही. लेखक म्हणून मला एकट्याला ओळखावं, एवढीच हाव.

काल बारावा खर्डा. चप्पल, विडीचं बंडल, डबा, आणि नखं सातव्या ओळीत. तरी ती ओरडत होती. मग त्यांचाच प्रश्न विचारला, कोणी पाहिलं? दारात पाळी संपवून आलेला पोरगा उभा आहे, बारा तास उभ्यानं काम करून. नखं त्याला दिसतात. पण त्याचं लक्ष गादी कधी मोकळी होते याकडे आहे.

तिथून पुन्हा लिहायला घेतलंय.