सोमवारी बंद

दिल्लीतली मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे मला गोवा एक्स्प्रेसनं हजरत निजामुद्दीनला उतरल्यावर कळलं. तीन दिवसांची सुट्टी, त्यातला एक असाच जाणार. अण्णा मात्र शांत होते. मफलर गुंडाळत म्हणाले, "मग आज खाऊन घेऊ. चित्रं कुठं पळून जातात?"

अण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनी शेकडो पोरं बसवली. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली तेव्हा त्यांनी शाळेत पेढे वाटले. १९९१ साली, बारावीनंतर, मी जे. जे.ला जायचं म्हटलं तेव्हा त्यांनी फॉर्म कपाटात ठेवला आणि म्हणाले, "चित्रानं पोट भरत नाही." मी बी. कॉम. झाले, बँकेत लागले. पोट उत्तम भरलं. त्या फॉर्मबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

सोमवारी सकाळी चांदनी चौकात गेलो. आधी बेडमी पुरी. उडदाच्या डाळीची, जाडसर, सोबत बटाट्याचा तिखट रस्सा. मग किनारी बाजाराच्या गल्लीत दौलत की चाट. थंडीतच मिळणारा हा पदार्थ म्हणजे दुधाचा नुसता फेस, वर केशराचा रंग, खवा, पिस्ते आणि भुरा साखर. जिभेवर ठेवला की विरून जातो. अण्णांनी द्रोण उजेडात धरला. "याला पांढरा म्हणायचं नाही. वर पिवळा आहे, कडेला सावलीत थोडा निळा." निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी वर्ग सुटलेला नाही.

विक्रेत्यानं सांगितलं, दूध रात्री उघड्यावर थंडीत ठेवायचं, पहाटे घुसळायचं, वर येईल तो फेस काढत राहायचा. ऊन चढलं की माल बसतो. अण्णांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, यावर घर चालतं का? तो हसला. "तीन महिने हे, मग कुल्फी." अण्णांनी मान हलवली. हिशेब त्यांना पटलेला दिसला.

मंगळवारी इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये गेलो. जयपूरच्या महाराजांचा हा वाडा, फुलपाखरासारख्या आराखड्याचा, वर घुमट. १९५४ पासून इथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. अण्णांना बघायची होती अमृता शेरगिल. तिचं 'तीन मुली' हे १९३५चं चित्र शाळेतल्या त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. कुठल्यातरी मासिकातलं, काळंपांढरं, तळहाताएवढं. याच चित्राला मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७ साली सुवर्णपदक दिलं होतं, हे प्रत्येक वर्गाला ते सांगत. शेरगिल आपल्या अजिंठ्याला येऊन गेली आणि तिचा हात बदलला, हेही.

चित्रासमोर ते उभे राहिले. तिघी बसलेल्या, कुणीच कुणाकडे बघत नाही. "लाल असा आहे होय," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी पोरांना हे चित्र शिकवलं होतं, रंग न बघता. मी जवळच्या बाकावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ते हलले नाहीत.

मग बाकावर येऊन बसले. "अठ्ठावीस वर्षांची गेली ही. लाहोरला, १९४१ साली."

मी म्हटलं, "अण्णा, २०२३ साली तिचं एक चित्र लिलावात ६१.८ कोटींना गेलं."

"तिला किती मिळाले?"

मी गप्प बसले. जिवंतपणी तिची चित्रं फारशी विकली जात नव्हती, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

बऱ्याच वेळानं, समोर बघतच ते म्हणाले, "तुला बी ग्रेड मिळाली असती तर मी पाठवलं असतं. वर्षभरात परत आली असतीस. ए मिळाली म्हणून घाबरलो."

तीसेक वर्षं मी समजत होते की माझा हात त्यांना पुरेसा चांगला वाटला नाही. भांडायचं ठरवून ठेवलेलं सगळं एकदम निरुपयोगी झालं. राग गेला असं नाही. पण तो ठेवायचा कुठं, तेच कळेना.

बाहेर फुटपाथवर पितळी हंड्यातले छोले आणि कुलचे घेतले. वरून कांदा, लिंबू, आल्याच्या काड्या. अण्णांनी माझ्याकडून पेन मागितलं आणि तिकिटाच्या मागं तो हंडा काढायला लागले. हात थरथरतो आता. हंड्याचं तोंड वाकडं आलं. त्यांनी तिकीट आणि पेन माझ्याकडं सरकवलं.

"हा लंबगोल नीट कर."

"आता कसला येतोय मला?"

"कर. तोवर मी खातो."

पहिला माझाही वाकडाच आला. त्यांनी बघितलं, "खालची बाजू जास्त गोल," म्हणाले आणि कुलच्याचा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला. मी दुसरा काढायला घेतला.