मालमोटार उघडण्यापूर्वी

आमच्या घरी एक मालमोटार आहे. ती पुतण्या हाकतो, हिशेब आम्ही ठेवतो, आणि तिच्या कर्जाचा हप्ता दोघांचीही झोप सारखीच उडवतो. आमच्या खानापूर तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की तिला उसंत नसते. एरव्ही कौले, विटा, आणि चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे जाणारा किरकोळ माल.

गेल्या हंगामाच्या अखेरीस ती पाणी पिऊ लागली. आरंभी आठवड्यास लिटरभर, पुढे प्रत्येक फेरीला तेवढेच. खाली तर थेंबही सांडत नसे. पुतण्याने केबिनमध्ये एक डबा टांगला. वाटेत जी विहीर वा बोअर लागेल तेथे तो भरून घ्यावा आणि पुढे निघावे, असा क्रम पडला. आम्हीही त्यास कधी हटकले नाही. पाण्याला पैसे पडत नाहीत, एवढेच आमचे शहाणपण!

एके दिवशी घाट चढून येताच त्याने तापल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण फिरवले. उसळलेल्या पाण्याने हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ते झाकण पाण्यावर दाब राखते, म्हणून आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. दाब निघताच ते एकदम वाफ होऊन उसळते. हे आम्हांस त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, हे सांगावयास लाज वाटते.

मिस्त्रींना बोलावले. त्यांनी गाडी थंड असतानाच झाकण काढून ती सुरू करविली, तो पाण्यात बुडबुडे येऊ लागले. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल दुधाळ चहासारखे झालेले. “दादा, पाणी तेलात उतरते आहे. आता इंजिन उघडल्याखेरीज गती नाही,” ते म्हणाले.

पुतण्या विनवू लागला, “काका, एवढा एक हंगाम काढू या.” त्याचेही खरेच होते; उभी गाडी हप्ता फेडीत नाही. परंतु तेलात पाणी मिसळले की बेअरिंगे जातात, आणि बेअरिंगांपाठोपाठ क्रँक. मग जो खर्च येतो त्यापुढे आजचा खर्च काहीच नव्हे. पावसाळ्यात काम उरकावयाचे ठरले.

आमची समजूत अशी की आता मिस्त्री पाने घेऊन बसतील. पण त्यांनी तीन आठवडे इंजिनाला हातच लावला नाही! त्यांचे म्हणणे, बिघाड का झाला हे न कळता नवे लायनर घातले, तर तेही त्याच वाटेने जातील. प्रथम त्यांनी थर्मोस्टॅटची जागा उघडली. ती रिकामी होती. पूर्वी कोणा कारागिराने, गाडी तापते म्हणून, तो काढून टाकला होता. ही चाल आपल्याकडे फार. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट ऊब धरीत नाही, डिझेल पुरते जळत नाही, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते. मग घाटात गाडी अधिकच तापते.

नंतर रेडिएटर उतरवून बेळगावास धाडला. तेथील कारागिराने टाक्या सोडवून नळ्यांतून सळया घातल्या, तो पांढऱ्या चुन्याचे खवले निघाले. आमच्या फुकटच्या पाण्याचा तो हिशेब. वॉटर पंप, होज पाइप, क्लिपा, फॅन बेल्ट, सारे तपासले गेले. हेड गॅस्केट व लायनरचा संच आधीच आणून ठेवला. बेअरिंगे मात्र मिस्त्रींनी आणू दिली नाहीत, कारण क्रँक मापल्यावाचून त्यांचे माप ठरत नाही. इंजिन बाहेरून धुतले, पत्र्याखाली जमीन सारवून वर ताडपत्री अंथरली, सुट्या भागांसाठी क्रमांक घातलेले डबे मांडले. एखाद्या शस्त्रक्रियेची तयारी असावी तसे ते दृश्य होते.

लायनर निघाले तेव्हा चौथ्याच्या बाहेरच्या, पाण्याच्या अंगास सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसली. एक आरपार गेलेले. आम्हांस वाटले, गंज. मिस्त्रींनी मान हलविली. दर स्फोटाला पिस्टनचा धक्का बसून लायनर थरथरतो, त्याच्या अंगाशी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात व फुटतात, आणि फुटताना धातूचा कण कण उकरतात. कूलंटमधील औषध लायनरवर पातळ कवच धरते. साध्या पाण्यात ते नसते. आता निम्मे कूलंट व निम्मे क्षार काढलेले पाणी घालावयाचे, आणि ते मुदतीने बदलावयाचे.

एक गोष्ट घरच्या मंडळींस आवर्जून सांगतो. बहुतेक कूलंट चवीला गोड व विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये; कुत्री-गुरे चाटतात, आणि मुलांचा तर नेमच नाही. आम्ही ते बूच घट्ट असलेल्या कॅनमध्ये भरून कुलपात ठेविले आहे.

हेडचे बोल्ट मिस्त्रींनी मापाच्या पान्याने, ठरल्या क्रमाने, तीन खेपांत आवळले. सहाव्या दिवशी गाडी सुरू झाली. तासभर जागीच चालवून त्यांनी पट्टी ओढली, तेल स्वच्छ. पुतण्याने केबिनमधला डबा सोडून घरात आणून दिला. वहिनींनी तो मिरचीच्या रोपांना पाणी घालावयास घेतला आहे.